आठ पापलेट

माझ्या शनिवारच्या वर्गात शपथ घ्यायला बंदी आहे. आठवी-नववीच्या मुलांना एखादं विधान सिद्ध करायला सांगितलं की निम्मी मुलं फळ्यापाशी येतात, छाती पुढे काढतात आणि म्हणतात, "आईशप्पथ टीचर, बरोबरच आहे!" मी म्हणते, "आईला कशाला मध्ये आणतोस? तिने काय घोडं मारलंय? तू कारण सांग." कारण नसेल तर गपचूप जागेवर जाऊन बसायचं. माझा स्वभाव तिखट आहे हे मुलांना ठाऊक आहे, त्यामुळे ती बसतातही.

मी ॲंजेला, राहणार वटार. विरारहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमची मराठी शाळा आहे, तिथे मी गणित शिकवते. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तासभर कोड्यांचा वर्ग घेते. त्याला फी नाही आणि परीक्षाही नाही, त्यामुळे पालकांना तो रिकामटेकडा उद्योग वाटतो. एका वडलांनी मला तोंडावर विचारलं होतं, "याने दहावीला टक्के वाढतील का?" मी म्हटलं, "टक्क्यांचं माहीत नाही, पण घरी तुमच्याशी वाद घालायला लागेल." पुढच्या शनिवारपासून त्यांचा मुलगा आला नाही. माझी जीभ अशी आहे, काय करणार.

जी मुलं टिकली त्यांत अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली दोघं होती, रीमा आणि अल्पेश. दोघंही नववीत, दोघांच्याही घरी होडी. पण डोकं चालवायची रीत अगदी वेगळी. एकदा मी विचारलं, "आज वर्गात पंचवीस जण आहात. निदान तिघांचा वाढदिवस एकाच महिन्यात येतो, हे सिद्ध करा." अल्पेश उठला आणि बाकाबाकावर जाऊन प्रत्येकाला महिना विचारत सुटला. घामाघूम होऊन परत आला आणि ओरडला, "ऑगस्टमध्ये चार सापडले!" रीमा जागची हलली नव्हती. ती म्हणाली, "उद्या दुसरी पंचवीस मुलं आली तर परत फिरशील का? प्रत्येक महिन्यात दोघं-दोघं बसवली तरी चोवीसच होतात. पंचविसावा कुठेही बसला तरी तिथला तिसराच होणार." अल्पेश तिच्याकडे बघत राहिला, मग स्वतःच हसला. मला दोघंही आवडायची, पण रीमा जरा जास्त. हे मुलांसमोर कधी दाखवलं नाही, इथे सांगते.

दुसऱ्या एका शनिवारी मी खऱ्या-खोट्यांच्या गावाचं कोडं घातलं. त्या गावात काही माणसं कायम खरं बोलतात, काही कायम खोटं. रस्त्यात एकजण भेटला आणि म्हणाला, "मी खरं बोलणारा." तर तो कोणत्या प्रकारचा? वर्गात एकच गलका झाला. रीमाने हात वर केला. "सांगताच येणार नाही, टीचर. खरा असेल तरी हेच म्हणेल आणि खोटा असेल तरी हेच म्हणेल. त्याच्या बोलण्यातून काहीच कळलं नाही." मग ती म्हणाली, "म्हणजे शप्पथ पण तसलीच ना?" मी खूश होऊन तिची पाठ थोपटली. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या तिला चांगल्याच महागात पडल्या.

झालं असं की जिल्ह्यात एक गणिताची स्पर्धा होती, दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीला आमच्या शाळेतून रीमा आणि अल्पेश बसले. एकामागे एक बाक मिळाले. सहा प्रश्न होते, सगळे कारणं देऊन सोडवायचे. दोघांनी पाच प्रश्न आपापल्या पद्धतीने चोख सोडवले. उरलेला चौथा प्रश्न असा होता:

'चार मित्र होडीने मासेमारीला गेले. मिळालेल्या पापलेटांचे त्यांनी समान वाटे केले, तेव्हा तीन पापलेट उरले. मिळालेल्या पापलेटांची संख्या सम असू शकेल का? सकारण लिहा.'

उत्तर 'नाही' असं आहे. चार सारखे वाटे मिळून संख्या समच होणार, त्यात तीन मिळवले की विषम. रीमाने मात्र लिहिलं होतं, 'हो, असू शकेल. उदाहरणार्थ, आठ.' अल्पेशनेही लिहिलं होतं, 'हो. जसे की आठ.'

आयोजकांनी आमच्या मोठ्या बाईंना फोन केला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, स्वभावाने सरळ बाई. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दोन्ही पानांचे फोटो दाखवले. "बाई, आठ मासे आणि चार माणसं. दोन-दोन वाटले की संपले. तीन उरतीलच कसे? चौथीतलं पोर अशी चूक करणार नाही, आणि तुमची ही हुशार दोघं एकाच वेळी, एकाच आकड्याची चूक करतात? एकाने दुसऱ्याचं बघितलंय. असलं उत्तर बघितल्याशिवाय कुणाला सुचणार नाही."

मी त्यांच्याशी कधी नव्हे ते वाद घातला नाही. राग मात्र आला. कुणाचा, ते कळत नव्हतं.

मोठ्या बाईंनी तोडगा काढला. आयोजकांनी निर्णय शाळेवर सोडला होता. त्या म्हणाल्या, "मी पोलिसी चौकशी करत बसणार नाही. दोघांच्या वडलांनी घरी आपल्या मुलाला नीट विचारावं आणि सोमवारपर्यंत मला येऊन सांगावं, की माझ्या मुलाने बघितलं नाही. बापाच्या शब्दावर मी नाव पुढे पाठवीन." वाईट तोडगा नव्हता. मला तरी तेव्हा तसंच वाटलं.

अल्पेशचे वडील दुसऱ्याच दिवशी सकाळी आले. मुलाने होडीच्या नाळेवर हात ठेवून शपथ घेतली, विषय संपला, असं सांगून गेले. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. जाळं कोणी कापलं, मासळी कोणी उचलली, असले वाद त्यांच्याकडे नाळेवर हात ठेवून मिटतात. त्या लाकडावर हात ठेवून खोटं बोललेल्या माणसाला पुन्हा कुणी आपल्या होडीत घेत नाही, आणि त्याची स्वतःचीही समुद्रात जायची छाती होत नाही.

रीमाचे वडील आले नाहीत. रीमा वर्गात यायची, पण सगळ्यात मागे बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला दारातच अडवलं.

"बाबा कधी येतायत?"

"येणार नाहीत, टीचर."

"का?"

"बाबांनी मला नाळेवर हात ठेवायला सांगितला. मी ठेवला नाही."

मला काही कळेना. "म्हणजे तू बघून लिहिलंस?"

"नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली की व्हरांड्यातली दोन मुलं थांबली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी बाबांना म्हटलं, मी खरी असले तरी हात ठेवीन आणि खोटी असले तरी ठेवीन. मग त्यातून तुला काय कळणार? शप्पथ म्हणजे पुरावा नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"काहीच नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना आईला सांगतात, तिला भात वाढ."

"अगं बये, ठेवायचा होतास हात! एवढं काय होतं त्यात?"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला बोलायची गरजच नव्हती. शपथ चालणार नाही असं दर शनिवारी कोण ओरडतं? माझ्याच वर्गातलं गणित ही पोर घरी घेऊन गेली होती, आणि आता मीच तिला सांगत होते की वर्गातलं वर्गात ठेव. मला माझी लाज वाटली.

शत्रुघ्नला, म्हणजे तिच्या वडलांना, मी ओळखत होते. गप्प, कामाशी काम ठेवणारा माणूस. त्याचा राग करावा म्हटलं तर करता येईना. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचा हिशेब चोख होता. नाळेवर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही. माझी मुलगी हात ठेवायला तयार नाही. म्हणजे ती खोटी आहे. यातली एकही पायरी चुकलेली नाही. फरक एवढाच, की रीमाने वर्गात शिकलेल्या गावात शपथेला किंमत नव्हती आणि शत्रुघ्नच्या गावात शपथेएवढी किंमत कशालाच नव्हती. ज्या मुलीवर त्याचा जीव होता तिच्यासाठी मोठ्या बाईंसमोर खोटा शब्द टाकायला तो तयार नव्हता, एवढंच.

"टीचर," रीमा म्हणाली, "पण माझं उत्तर चूक कसं आहे तेच मला कळत नाही. आठ होतात की."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. आठवडाभर आम्ही सगळे कोणी कोणाचं बघितलं यावर डोकं फोडत होतो. ते उत्तर आलं कुठून, हे त्या पोरांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी म्हणे कारणं विचारायला शिकवते.

मी तिला वर्गात घेऊन गेले. बाकीची मुलं बसलेलीच होती. मी फळ्यावर तो प्रश्न लिहिला आणि सांगितलं, "सगळ्यांनी सोडवा. आपापलं." पाच मिनिटांनी बाकांमधून फिरले. फुलपाड्याहून येणाऱ्या नेहलने लिहिलं होतं, 'नाही.' आमच्या वटारच्या रायनने लिहिलं होतं, 'नाही', आणि शेजारी केळ्याचं चित्र काढलं होतं. सगळीकडे नाही, नाही, नाही. शेवटच्या बाकावर ॲलिस्टर बसला होता. तो वसईजवळच्या पाचूबंदरचा, या वर्षीच मामाकडे अर्नाळ्याला शिकायला आलेला. त्याचा बापही मासेमारीच करतो. त्याच्या वहीत लिहिलं होतं, 'हो. ८.'

मी त्याला फळ्यापाशी बोलावलं. "कर वाटे."

त्याने खडूने आठ टिंबं काढली. मग एकेक पुसत गेला. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाच गेले. उरले तीन."

"माणसं किती?"

"चार."

"मग पाच कसे गेले?"

ॲलिस्टरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भात कशाचा करतात असं विचारलं होतं. "होडीचा वाटा, टीचर."

मागून अल्पेश म्हणाला, "होडीचा वाटा तर पहिला निघतो." आणि रीमाने कपाळावर हात मारला. "चार माणसांचे चार आणि होडीचा एक. मी लिहिलंच नाही ते! लिहायचं असतं हेच डोक्यात आलं नाही."

मी खुर्चीत बसले. मासेमारी करून आलं की प्रत्येक माणसाच्या वाट्याइतकाच एक वाटा होडीचा काढून ठेवतात. त्यातून तिची डागडुजी होते, रंग होतो, जाळं येतं. जन्मापासून ही मुलं वाळूवर ते वाटे पडताना बघत आली आहेत. त्यांच्या हिशेबी होडीतून गेलेले चार म्हणजे पाच वाटे. वाटे पाच केल्यावर तीन उरवणारी पहिली सम संख्या आठच. डोकं असलेल्या कुठल्याही पोराने तीच दिली असती. आणि मी, यांच्यापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली बाई, मला याचा पत्ता नव्हता. आमच्या वाडीत केळीचे घड वाटून घेताना विहिरीचा वाटा कोणी काढत नाही.

मी तिथूनच मोठ्या बाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग त्या हसल्या. "बाई, होडी मासे खाते का? तुम्ही मुलीला वाचवताय, ते मला समजतं. पण हे नंतर रचलेलं कारण वाटतं. ॲलिस्टरलाही बाकीच्यांकडून कळलेलं असणार, आठवडाभर शाळेत तीच चर्चा आहे. तिच्या वडलांना आणा. त्यांनी सांगितलं की झालं."

मी फोन ठेवला आणि बडबडायला लागले. रीमाने मला गप्प केलं. "मोठ्या बाईंचं बरोबर आहे, टीचर. ॲलिस्टरने ऐकलेलं असू शकतं. ज्याने हा प्रश्न कधीच ऐकला नाही असा माणूस पाहिजे."

"आठवडाभर सगळ्या शाळेत आणि कोळीवाड्यात हाच विषय आहे. असा माणूस कुठून आणायचा?"

"बाबा," ती म्हणाली. "बाबांना प्रश्न माहीत नाही. मी बघून लिहिलं की नाही, एवढंच त्यांनी विचारलं, आणि तेव्हापासून ते कोणाशी तो विषयच काढत नाहीत."

"मग मी उद्या येते आणि त्यांना सगळं समजावते."

"नाही. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचा मान ठेवून ऐकतील. तुम्ही या, पण काही बोलू नका. मी विचारीन."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी स्कूटर काढली. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटी होती. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वाळूवर होड्या कलंडून पडल्या होत्या. शत्रुघ्न आपल्या होडीच्या सावलीत फाटकं जाळं शिवत बसला होता. त्याची बायको बायजा थोड्या अंतरावर सुकटातला कचरा वेचत होती. मला बघून शत्रुघ्नने जाळं बाजूला सारलं.

"टीचर, तुमी कशाला आला? मी सोमवारी येनार नाय. खोटा कसा सांगू?"

मी बोलायला तोंड उघडलं. रीमाने माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही. "मी नुसती आलेय," म्हटलं आणि बायजाने पुढे केलेल्या फळीवर बसले.

रीमा वडलांसमोर वाळूत बसली. त्यांच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाली, "बाबा, एक कोडा हाय."

शत्रुघ्नने पुन्हा जाळं ओढून घेतलं आणि सुई चालवायला लागला. पण उठूनही गेला नाही.

"चार जन होरी घेऊन गेले. पापलेट गावले. आल्यावर सारखे वाटे केले, तर तीन उरले. आठ पापलेट असतील, तर असा होईल काय?"

सुई चालतच होती. मला वाटलं, आता हा उत्तरच देणार नाही. जर याने चाराने भागलं तर? जर म्हणाला की दोन-दोन आले आणि संपले, तर? मग त्या मुलीच्या हातात काहीच उरणार नव्हतं. तिने आपलं सगळं त्या एका उत्तरावर लावलं होतं.

"आठ पापलेटासाठी चार मानसा कशाला गेली?" शत्रुघ्न जाळ्याकडे बघतच म्हणाला.

बायजा खुदकन हसली. रीमा हसली नाही. "गेली म्हन. होईल काय?"

"एक-एक दिला," तो म्हणाला. "पाच गेले. तीन उरले. होईल की."

"पाच कसे? मानसा चार हायत."

"अन् होरी?" आता त्याने वर बघितलं. मुलीला एवढंही कळू नये याचा त्याला राग आला होता. "होरीला वाटा नाय? ती काय उपाशी र्‍हाईल?"

रीमाने माझ्याकडे हात केला. मोठ्या बाईंकडून मागवून घेतलेला तिच्या पानाचा फोटो मी फोनवर उघडून दिला. तिने तो वडलांसमोर धरला. शत्रुघ्न सातवीपर्यंत शिकलेला. त्याने फोनचा पडदा उन्हापासून आडोशाला धरला आणि सावकाश वाचला. 'हो, असू शकेल. उदाहरणार्थ, आठ.'

"ह्योच सवाल होता, बाबा. मी ह्योच लिवला. अल्पेशने बी ह्योच लिवला. मोठ्या बाई बोलतात, असा उत्तर दुसऱ्याचा बघितल्याबिगर कोनाला सुचनार नाय." ती जरा पुढे झुकली. "तुला सुचला. तू कोनाचा बघितलास?"

शत्रुघ्नच्या हातातली सुई तशीच राहिली. त्याने पुन्हा फोटो वाचला. मग तो उठला आणि शेजारच्या होडीकडे चालू लागला. तिथे दोघं म्हातारे डांबर लावत होते. त्याने त्यांना काहीतरी विचारलं. एका म्हाताऱ्याने बोटं मोजली आणि मान डोलावली. शत्रुघ्न तिथून पुढच्या होडीकडे गेला. आम्ही तिघी बघत होतो. तिसऱ्या होडीपाशी त्याला शिव्या मिळाल्या असाव्यात, कारण तिथला माणूस हात उडवून बोलत होता, पण बोटं त्यानेही पाचच दाखवली.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता. तो रीमासमोर उकिडवा बसला.

"सगले आठ होतील बोलतात," तो म्हणाला. "मंग मला पैलाच का नाय सांगितलास?"

"तू इचारलासच नाय, बाबा," रीमा म्हणाली. "तू शप्पथ मागितलीस."

एवढं बोलून ती रडायला लागली. आठवडाभर तिने एक थेंब काढला नव्हता. बायजाने सुकटाचे हात तसेच पदराला पुसले आणि मुलीला जवळ घेतलं. मीही रडले, लपवण्यात काय अर्थ आहे. शत्रुघ्नला काय करावं सुचेना. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टीचर, उद्या सकाली शाला किती वाजता उघडते?"

"सातला. पण मोठ्या बाई साडेसातला येतात."

"मी सातला येतो."

रीमाने नाक पुसलं. मला वाटलं आता संपलं. पण ही पोर माझ्या वर्गातली. ती म्हणाली, "बाबा, उत्तर तरी चुकलेलाच हाय."

"आता काय चुकला?" शत्रुघ्न दचकला.

"सवालात होरीचा वाटा लिवलेला नव्हता. नुसते चार मित्र होते. जे लिवला नाय ते आपन मनानंच धरला. मी, अल्पेश, तू, समद्यांनी. चारच वाटे केले तर आठ होत नाय. आठच नाय, जोडीतली कंची बी संख्या कधीच होत नाय."

मी मनातल्या मनात म्हटलं, अगं जाऊ दे, आज तरी जाऊ दे. जो बाप आत्ता कुठे बोलायला लागला, त्याला लगेच चुकला म्हणून सांगायचं? पण मी शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले.

होडीला वाटा न देणारी ही कसली माणसं, असं काहीतरी शत्रुघ्न पुटपुटला. मग त्याने जाळं लांब सारलं, समोरची वाळू तळहाताने सारखी केली आणि मूठभर शिंपले तिच्यापुढे ठेवले.

"कधीच होत नाय?" त्याने विचारलं. "का?"

रीमा पुढे सरकली आणि शिंपल्यांचे चार ढीग करायला लागली.